लोड दर पावणेदोन तासांनी उसळतो, सीपीयू मात्र निवांत: समस्या निवारण

लक्षण असं. चार कोरचा लिनक्स सर्व्हर आहे, एरवी लोड, म्हणजे चालू आणि खोळंबलेल्या कामांचा सरासरी आकडा, ०.३ ते ०.५ च्या आसपास. साधारण पावणेदोन तासांनी तोच लोड पंधरा-अठरावर चढतो, चार-पाच मिनिटं तिथे रेंगाळतो आणि कुणी काही न करता खाली येतो. त्याच वेळचा सीपीयूचा ग्राफ उघडला तर दोन-तीन टक्के. डिस्क शांत, नेटवर्क शांत, मेमरी होती तेवढीच. वापरणाऱ्यांची एकही तक्रार नाही. फक्त रात्री अडीचला अलर्ट वाजतो आणि लॅपटॉप उघडून लॉगइन करेपर्यंत सगळं जागच्या जागी असतं.

पुण्यातल्या लहान-मध्यम ऑफिसांचे सर्व्हर सांभाळताना हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की त्यावर होणारे उपायही आता पाठ झालेत. आधी सर्व्हर रीस्टार्ट. मग डेटाबेसवाल्याला फोन. मग रॅम वाढवायचं कोटेशन. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘सर, मायनर घुसला असणार,’ म्हणजे चोरून क्रिप्टोकरन्सी काढणारा प्रोग्राम. रीस्टार्ट केल्यावर तासभर काही होत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की सुटलं. तासभर काही होणारच नव्हतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

यात सर्व्हरचा काहीही दोष नाही. टेकाड ग्राफमध्ये आहे, मशिनमध्ये नाही. कसं ते नीट पाहू, कारण हे एकदा कळलं की बाकीचे विचित्र ग्राफही वाचता येतात.

आधी खात्री करा की तुमचं दुखणं हेच आहे

आठवडाभराचा ग्राफ घ्या आणि दोन टेकाडांच्या माथ्यांमधलं अंतर मोजा. डोळ्यांनी नको, वेळा लिहून काढा. अंतर सुमारे १०४ मिनिटं असेल, किंवा सात तासांना जरा कमी असेल, आणि प्रत्येक वेळी तेवढंच असेल, तर संशय पक्का. क्रॉनमधल्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालायला लावलेल्या, कामांचं अंतर असं कधीच नसतं. माणूस क्रॉन लिहितो तेव्हा पाच मिनिटं, अर्धा तास, एक तास असे गोल आकडे लिहितो. १०४ मिनिटं कुणी लिहीत नाही. शिवाय क्रॉनचं काम रोज त्याच वेळी येतं आणि हे टेकाड रोज सरकतं: आज सव्वा नऊला दिसलं तर उद्या सव्वा नऊला दिसेलच असं नाही.

दुसरी खूण म्हणजे टेकाड चालू असताना व्हीएमस्टॅट ही कमांड एकेका सेकंदाने चालवून पाहा. पहिल्या ‘आर’ या रकान्यात धावायला तयार असलेल्या कामांची संख्या दिसते. लोड अठरा सांगत असताना या रकान्यात शून्य, शून्य, एक, शून्य असंच येत राहतं आणि मधूनच एखाद्या ओळीत पस्तीस-चाळीसचा आकडा चमकून जातो. पुढच्याच ओळीत पुन्हा शून्य. ती एक ओळ हा सगळा पुरावा आहे. मात्र ती नजरेस पडेलच असं नाही, कारण व्हीएमस्टॅटसुद्धा सेकंदात एकदाच डोकावतो.

लोड मोजतात कसा

लोड ॲव्हरेज म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरावीक वेळाने एकदा मोजतो की या क्षणी किती कामं सीपीयूवर चालू आहेत किंवा रांगेत उभी आहेत, आणि किती कामं डिस्कसारख्या कशाची तरी वाट पाहत अडकून पडली आहेत. लिनक्समध्ये हा अडकलेला गट १९९३ च्या एका पॅचपासून लोडमध्ये धरला जातो. मग हा आकडा जुन्या सरासरीत मिसळतो. एका मिनिटाच्या लोडसाठी जुन्या किमतीचे ९२ टक्के आणि नव्या मोजणीचे ८ टक्के, असा तो हिशोब असतो. दोन मोजण्यांच्या मध्ये काय घडलं याची कर्नलच्या या हिशोबात कुठेही नोंद नसते.

ही मोजणी किती वेळाने होते? पुस्तकात ‘दर पाच सेकंदांनी’ असं वाचलेलं असतं. प्रत्यक्षात ती पाच सेकंद अधिक घड्याळाचा एक टिक इतक्या वेळाने होते. हा एक टिक मुद्दाम घातलेला आहे. पुष्कळ प्रोग्राम गोल सेकंदाला जागे होतात. मोजणीही बरोबर पाच-पाच सेकंदांवर ठेवली, तर ती कायम त्यांच्याच वेळेला पडेल, नाहीतर कायम त्यांना चुकवेल. म्हणून मोजणी थोडी सरकती ठेवली. विचार चांगला होता. त्याने कायमची चूक गेली आणि तिच्या जागी अधूनमधून येणारी आली.

स्वारगेटच्या एका थांब्यावर बस बरोबर दर पाच मिनिटांनी येते आणि दहा सेकंद उभी राहते असं धरा. (पीएमपीबद्दल बोलतोय हे विसरा, हिशोबापुरतं धरा.) समोरच्या दुकानातला एक जण दर पाच मिनिटं एक सेकंदाने मान वर करून थांब्याकडे बघतो आणि बस आहे की नाही ते वहीत टिपतो. एकदा का त्याची नजर बसच्या त्या दहा सेकंदांत पडली की पुढच्या दहाएक नोंदी सलग ‘बस आहे, बस आहे’ अशा होतील. वही वाचणाऱ्याला वाटेल, पाऊण तास बस जागची हललीच नाही. त्यानंतर पुढचे चोवीस तास तो ‘थांबा ओस’ लिहीत राहील. बस तर वेळेवर येतच होती.

सर्व्हरवरची बस म्हणजे मॉनिटरिंगचा एजंट, सर्व्हरचे आकडे गोळा करणारा छोटा प्रोग्राम. टेलिग्राफ असो, कलेक्टडी असो, नाहीतर कुणीतरी लिहिलेली पायथनची स्क्रिप्ट असो. तो दर दहा सेकंदांनी जागा होतो आणि सीपीयू, डिस्क, डेटाबेस, वेबसर्व्हर अशा सगळ्यांची माहिती एकाच दमात गोळा करायला चाळीसेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी छोटी कामं, सोडतो. पाव सेकंदाच्या आत सगळे काम उरकून झोपी जातात. जो लोड मोजायला आला तोच लोड आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं.

आता आकडे घालून पाहू. कर्नलचं घड्याळ सेकंदाला २५० टिक देत असेल तर एक टिक चार मिलिसेकंदांचा, म्हणजे लोडची मोजणी दर ५.००४ सेकंदांनी. एजंटच्या दहा सेकंदांच्या तालावर ही मोजणी प्रत्येक खेपेला चार मिलिसेकंद मागे सरकते. सरकत सरकत पूर्ण पाच सेकंदांचा फेरा पुरा व्हायला १२५० मोजण्या लागतात आणि १२५० गुणिले ५.००४ म्हणजे ६२५५ सेकंद, एक तास चव्वेचाळीस मिनिटं. घड्याळ १००० टिकचं असेल तर सरक एकाच मिलिसेकंदाची आणि फेरा सुमारे सहा तास सत्तावन्न मिनिटांचा. डेबियनमध्ये आणि उबंटूच्या २४.०४ पर्यंतच्या साध्या कर्नलमध्ये २५० टिक असतात, रेड हॅट घराण्यात १०००. तुमच्या सर्व्हरचा आकडा बूट फोल्डरमधल्या कर्नलच्या कॉन्फिग फाइलीत ‘कॉन्फिग एचझेड’ शोधलं की मिळतो. म्हणून एकाच ऑफिसातल्या दोन सर्व्हरवर टेकाडांचं अंतर वेगळं असू शकतं, एजंट आणि त्याची सेटिंग तीच असली तरी.

टेकाडाची रुंदीही याच हिशोबातून निघते. एजंटचे थ्रेड २०० मिलिसेकंद जागे असतील आणि मोजणी दहा सेकंदांत आठ मिलिसेकंद सरकत असेल, तर सलग पंचवीस खेपा ती त्यांच्यावर पडेल. पंचवीस गुणिले दहा, अडीचशे सेकंद, चार मिनिटांच्या वर थोडं. दर दोन मोजण्यांपैकी एकीला चाळीस दिसतात, दुसरीला शून्य. सरासरी वीसच्या दिशेने चढते. सीपीयूचं काय? चारही कोर दहा सेकंदांतले २०० मिलिसेकंद पूर्ण व्यग्र राहिले तरी ते झाले दोन टक्के. लोड अठरा आणि सीपीयू दोन टक्के, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. भांडण कुठेच नाही.

मला यातली गंमत अशी वाटते की एजंट जितका ‘चांगला’, म्हणजे जितके जास्त प्लगइन (एकेक गोष्ट मोजणारे जोड) आणि जितकं एका ठोक्याला सगळं गोळा करणारा, तितकं टेकाड उंच. ज्या सर्व्हरवर कुणी लक्षच ठेवत नाही तिथे हा त्रास नाही.

उपाय

पहिला आणि स्वस्तातला: एजंटच्या गोळा करण्याच्या वेळेत थोडा विस्कळीतपणा आणा. टेलिग्राफमध्ये यासाठी ‘कलेक्शन जिटर’ नावाची सेटिंग आहे. दहा सेकंदांच्या अंतराला तीन सेकंदांचा जिटर दिला की प्रत्येक प्लगइन त्या तीन सेकंदांत आपापल्या लहरीने सुरू होतो. चाळीस जण एकदम दारात उभे राहत नाहीत आणि टेकाड सपाट होतं. एजंटमध्ये अशी सोय नसेल तर जड प्लगइन वेगळ्या अंतराने चालवा. डेटाबेसच्या टेबलांचे आकार दर दहा सेकंदांनी मोजून कुणाचं भलं झालेलं नाही.

एजंटचं अंतर दहाचं पंधरा किंवा तीस केलं तर टेकाड ठेंगणं होईल, जाणार नाही. एक सेकंद केलंत तर मात्र फेरा २५० टिकच्या मशिनवर वीस-एकवीस मिनिटांचा होईल आणि तुम्हाला वाटेल दुखणं बळावलं.

खात्रीसाठी एक प्रयोग: एजंट दोन-अडीच तास (१००० टिकच्या मशिनवर सात-आठ तास) बंद ठेवा आणि तेवढा वेळ साध्या शेल स्क्रिप्टने दर वीस सेकंदांनी लोडचा आकडा एका फाइलीत लिहा. फाइलीत टेकाड नसेल तर गुन्हेगार सापडला. क्लायंटला हे दाखवायलाही सोपं जातं. ‘मॉनिटरिंगमुळे लोड येतो’ हे वाक्य फोनवर सांगून कुणालाही पटत नाही.

लोडचा जिना

याच्या अगदी उलट, खरं दुखणं असूनही सीपीयू निवांत दिसण्याचा एक प्रकार आहे आणि तो ओळखायला सगळ्यांत सोपा. लोड दर पाच मिनिटांनी बरोबर एकाने वाढतो. एक, दोन, तीन, चार. ग्राफ जिन्यासारखा. उतरत नाही.

अशा वेळी लोडचा आकडा स्थिर झाल्यावर जवळजवळ पूर्णांकात असतो: सात, आठ, नऊ. खरं काम करणारा सर्व्हर असा पूर्णांकात कधी राहत नाही. ही अडकलेली कामं आहेत, सीपीयू न वापरता नुसती वाट पाहणारी, आणि लिनक्सच्या हिशोबात तीही लोडमध्ये येतात हे वर आलंच आहे. पीएस या कमांडने दिसणाऱ्या कामांच्या यादीत ज्यांच्या स्थितीपुढे इंग्रजी ‘डी’ लिहिलंय ती शोधा. नव्वद टक्के वेळा, निदान माझ्या अनुभवात, ती एखाद्या नेटवर्कवरच्या डिस्कवर टांगलेली असतात.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. सर्व्हर यूपीएसवर असतो, पण बॅकअपचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची डिस्कची पेटी, दुसऱ्या खोलीत, साध्या प्लगवर. नॅस बंद पडला की एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, जोडलेला फोल्डर उत्तर देईनासा होतो. क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी डिस्कची मोकळी जागा तपासणारी स्क्रिप्ट असते. ती त्या फोल्डरला हात लावते आणि तिथेच थिजते. पाच मिनिटांनी दुसरी येते, तीही थिजते. तासाला बारा पायऱ्या. रात्रभर कुणी पाहिलं नाही तर सकाळी लोड शंभरच्या वर आणि सर्व्हर मात्र कामाला अगदी चपळ. मग ‘लोड शंभर आहे’ म्हणून घाबरून कुणीतरी रीस्टार्ट करतं आणि बंद होतानाही सर्व्हर त्याच फोल्डरपाशी अडतो.

उपाय तीन. नॅसला यूपीएसवर घ्या, हा खरा. स्क्रिप्टला कुलूप घाला, म्हणजे आधीची चालू असेल तर नवी सुरूच होणार नाही. एफलॉक ही कमांड त्यासाठीच आहे. आणि टाइमआउट लावा, पण तो किल, म्हणजे जबरदस्तीने बंद करणारा, सिग्नल पाठवणारा लावा. एनएफएसवर अडकलेली प्रोसेस ‘बंद हो’ अशी विनंती करणाऱ्या साध्या टर्म सिग्नलला दाद देत नाही, किलला देते.

सरळ रेघा

डोंगर-दऱ्यांपेक्षा मला सरळ रेघ जास्त बोलकी वाटते. चार कोरच्या मशिनवर सीपीयू तासन्‌तास २५ टक्क्यांवर आखल्यासारखा असेल, आठ कोरच्या मशिनवर साडेबारावर, तर शंभराला कोरच्या संख्येने भागून पाहा. एकच थ्रेड एक कोर पूर्ण खातोय. ‘सर्व्हर ७५ टक्के रिकामा आहे, मग रिपोर्ट का रखडतो?’ याचं उत्तर हेच. तो रिपोर्ट एका कोरवरच चालतो. कोर वाढवून काही होणार नाही, टक्का तेवढा कमी दिसेल. प्रत्येक कोरचा वेगळा ग्राफ पाहिला तर तिथे एकही कोर शंभरावर नसेल, कारण कर्नल तो थ्रेड या कोरवरून त्या कोरवर हलवत राहतो. रेघा वेणीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात आणि बेरीज तेवढीच.

चालू प्रोसेस दाखवणाऱ्या टॉप या कमांडमध्ये याच प्रोसेसपुढे १०० टक्के लिहिलेलं असतं, काही प्रोसेसपुढे ३०० सुद्धा. घाबरायचं कारण नाही, तिथे एका कोरचे शंभर धरतात. कॅपिटल ‘आय’ दाबलं की तोच आकडा सगळ्या मशिनच्या हिशोबात येतो.

क्लाउडवरच्या स्वस्त मशिनची रेघ वेगळी. ॲमेझॉनच्या टी-२ मायक्रोची पायाभूत मर्यादा १० टक्के आहे. त्यावर खर्च करायला क्रेडिट मिळतात; एक क्रेडिट म्हणजे एक कोर एक मिनिट पूर्ण चालवण्याची परवानगी, आणि तासाला अशी सहा जमा होतात. क्रेडिट संपली की ग्राफ घसरत येऊन दहावर चिकटतो. बाहेरून ॲमेझॉनचं मॉनिटरिंग, क्लाउडवॉच, म्हणतं दहा टक्के, आत टॉप म्हणतो शंभर, आणि वेबसाइट उघडत नाही. टॉपच्या वरच्या ओळीत ‘एसटी’ असा जो शेवटचा आकडा असतो तो तेव्हा पाहा. तुमच्या वाटचा सीपीयू खालच्या यंत्रणेने दुसरीकडे वळवलाय, ती ही वेळ. आकडा मोठा असेल तर तुमच्या कोडमध्ये शोधत बसू नका, क्रेडिट बॅलन्सचा ग्राफ उघडा. टी-३ मध्ये मूळ सेटिंगच अमर्यादित असते, त्यामुळे तिथे वेग पडत नाही, बिल चढतं.

पुण्याची वेळ आणि सर्व्हरची वेळ

रोज सकाळी साडेपाचला येणारा सुळका म्हणजे यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र. क्लाउडवरचे बहुतेक सर्व्हर यूटीसीवर असतात. ॲझरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, पण म्हणून तिथल्या मशिनचं घड्याळ पुण्याची वेळ दाखवत नाही. ग्राफ ब्राउझरच्या वेळेनुसार दिसतो आणि क्रॉन सर्व्हरच्या. मधले साडेपाच तास कुणी मनातल्या मनात जोडत नाही.

डेबियनच्या मूळ क्रॉनटॅबमध्ये तासाची कामं १७ व्या मिनिटाला आणि रोजची ६ वाजून २५ मिनिटांनी लावलेली असतात. भारतीय वेळेच्या ग्राफवर ती दिसतात तासाच्या ४७ व्या मिनिटाला आणि दुपारी बाराला पाच कमी असताना. रोज ११:५५ ला सर्व्हर दम खातो, ‘जेवणाच्या आधी सगळे एकदम एंट्री मारतात’ असं कारण ऑफिसने शोधून ठेवलेलं असतं, आणि प्रत्यक्षात कुणीतरी रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये बॅकअपची स्क्रिप्ट टाकलेली असते. रात्री चालेल या समजुतीने. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारापासून डिस्क दिवसभर कण्हत असेल आणि सर्व्हरवर सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून वापरण्याची सोय) असेल, तर ती डेबियनची महिन्याची रेड तपासणी. तिला मधेच मारू नका, तिचा वेग कमी करता येतो.

आठवड्याच्या ग्राफचंही तसंच. भोसरी-चाकणच्या कारखान्याचा सर्व्हर असेल तर खड्डा रविवारी नाही, गुरुवारी पडतो, कारण औद्योगिक भागाची सुट्टी गुरुवारची. बाहेरगावचा सपोर्टवाला त्या खड्ड्याला ‘सर्व्हिस डाउन’ म्हणून तिकीट उघडतो. एखाद्या ऑटोमॅटिक अलर्टला मागच्या सात दिवसांची सरासरी शिकवून ठेवली असेल तर तोही दर गुरुवारी हेच करतो.

आभाळाला टेकणारे सुळके

सीपीयू चार हजार टक्के, एकाच बिंदूपुरता. ग्राफ खराब झालाय असं म्हणून सोडून देतात, पण कारण माहीत असलेलं बरं. कर्नल टक्के देत नाही. सुरू झाल्यापासून सीपीयूने कशात किती वेळ घालवला याचे वाढत जाणारे आकडे देतो, आणि ग्राफ काढणारा दोन वाचनांची वजाबाकी करतो. आकडा मागे गेला की वजाबाकी बिघडते. सर्व्हर रीस्टार्ट झाला तर आकडे शून्यापासून सुरू होतात, ते प्रोमिथियससारखी साधनं समजून घेतात. गोची होते आयओवेटची, म्हणजे कामं डिस्कसाठी थांबलेली असताना सीपीयू रिकामा राहिला त्या वेळेची. हा आकडा चालू सर्व्हरवरही कधीकधी किंचित कमी होतो. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहूनच ठेवलंय. प्रोमिथियसला वाटतं रीस्टार्ट झाला, आणि तो आतापर्यंतचा सगळा जमलेला आकडा एका क्षणातली वाढ म्हणून मोजतो. प्रोमिथियसला सर्व्हरचे आकडे पुरवणारा नोड एक्सपोर्टर जुना असेल तर नवा घ्या, त्यात हे मागे जाणं सांभाळलेलं आहे. आणि मुळात आयओवेटवर अलर्ट लावू नका. सीपीयू डिस्कची वाट पाहत नसतो, काम पाहत असतं. सीपीयू तेव्हा रिकामाच असतो आणि दुसरं काम आलं की आयओवेट आपोआप ‘घटतो’.

उलट प्रकार म्हणजे सुळका हरवणं. काल ९५ टक्क्यांवर गेलेला सुळका आज महिन्याच्या ग्राफमध्ये तीसवर दिसतो. वीस सेकंदांचा शंभर टक्के वापर पाच मिनिटांच्या सरासरीत सात टक्क्यांपेक्षाही कमी भरतो, आणि महिन्याच्या ग्राफमध्ये एका बिंदूत तास-दोन तास कोंबलेले असतात. आरआरडीटूलवर आधारलेल्या जुन्या यंत्रणांमध्ये सरासरीबरोबर कमाल किंमतही साठवायची सोय आहे, ती चालू करा. ग्राफ दाखवणाऱ्या ग्राफानामध्ये बाहेर झूम करण्याआधी वेळ लिहून ठेवा. मीटिंगमध्ये महिन्याचा ग्राफ दाखवून ‘कधीच चाळीसच्या वर गेला नाही’ असं कुणी म्हणालं, तर एका बिंदूत किती मिनिटं आहेत एवढंच विचारा.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात

टास्क मॅनेजर १०० म्हणतो आणि परफॉर्मन्स मॉनिटर ६७, दोन्ही एकाच क्षणी. विंडोज ८ पासून (विंडोज ११ च्या २०२५ नंतरच्या नव्या आवृत्त्या सोडून) टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवरचा आकडा ‘प्रोसेसर युटिलिटी’चा आहे: प्रोसेसरच्या मूळ वेगाच्या तुलनेत किती काम झालं तो. मूळ वेग २ गिगाहर्ट्झ आणि टर्बोमध्ये तो ३ वर पळतोय, तर दोन तृतीयांश वेळ व्यग्र असतानाच शंभर भरतात. पुढे टास्क मॅनेजर कापतो, परफॉर्मन्स मॉनिटरमधला युटिलिटीचा काउंटर मात्र शंभराच्या वर जाऊन दाखवतो. ‘प्रोसेसर टाइम’ हा वेगळा काउंटर आहे. अहवालात दोन्ही मिसळू नका.

एप्रिल-मेमध्ये याच्या उलटं होतं. एसी बंद असलेल्या खोलीत दुपारी प्रोसेसर तापून आपला वेग उतरवतो. लिनक्सच्या ग्राफवर वापर वाढल्यासारखा दिसतो, काम मात्र तेवढंच किंवा कमी. व्यग्र वेळ मोजणाऱ्या ग्राफला वेग किती होता हे कळतच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी एक ते चार फुगणारी रेघ दिसली तर सीपीयूच्या ग्राफखाली वेगाचा आणि तापमानाचा ग्राफ लावा. तिघांची वेळ जुळली की पंखा, धूळ आणि थर्मल पेस्ट बघायची.

मग अलर्ट कशावर लावायचा

लोडवर नको. निदान एकट्या लोडवर नको. कर्नल ४.२० पासून ‘प्रेशर स्टॉल’ची माहिती मिळते, सीपीयू, मेमरी आणि डिस्क तिन्हींची वेगवेगळी. गेल्या दहा सेकंदांत, एका मिनिटात आणि पाच मिनिटांत किती टक्के वेळ निदान एक तरी काम सीपीयू न मिळाल्यामुळे खोळंबलं, हे ती सांगते. पाच सेकंदांतून एकदा डोकावून नाही, खोळंबलेला वेळ जमा करून. एजंटचे चाळीस थ्रेड तिथे जेवढ्यास तेवढे दिसतात: दहा सेकंदांतले २०० मिलिसेकंद, दोन टक्के. लिनक्सच्या काही वितरणांत ती मुळात बंद असते, तेव्हा बूटच्या वेळी ती ‘पीएसआय’ या तिच्या छोट्या नावाने चालू करावी लागते. पाच मिनिटांचा आकडा सलग दहा मिनिटं वीस टक्क्यांच्या वर राहिला तर फोन वाजू दे, असं मी लावतो. डेटाबेसच्या सर्व्हरवर वीसचे दहा करतो. रात्रीच्या बॅकअपच्या वेळेत हा अलर्ट फोनवर न जाता नुसता मेलवर जातो.